बिनकड्यांचा बंगला

मिस्त्रींचं टीव्हीशी वैर होतं ते दारांवरून. लोक टीव्हीवर चिडतात ते आवाजावरून, जाहिरातींवरून, नाहीतर पोरांच्या अभ्यासावरून. पण ज्याचा उभा जन्म चौकटी बसवण्यात गेला, त्या माणसाला बायकोच्या आवडत्या मालिकेतला तो बंगला डोळ्यांसमोर नको होई.

"अगं, नीट बघ तरी," ते पायऱ्या चढून वर आले की दारातूनच सुरू करत. "काय ते दार! सागवानाची फळी, वर नक्षी, पितळेची मूठ, सगळं आहे. कडी कुठाय? सबंध बंगल्यात एका दाराला कडी नाही. म्हणून तर जो तो दाराआड उभा राहून ऐकतोय. मला एक दिवस आत सोडा. पेटी घेऊन जातो, सगळ्या दारांना कड्या ठोकतो. संध्याकाळपर्यंत मालिका संपली म्हणून समज."

"आणि मग मी संध्याकाळभर काय तुमच्या तोंडाकडे बघत बसू?" बायको मान वर न करता म्हणे.

खाली त्यांचं सुतारकामाचं दुकान, वर दोन खोल्या. लाकडाचा भुसा जिन्यावरून मिस्त्रींच्या आधी वर पोचलेला असायचा. बायको घरबसल्या कपड्यांच्या कारखान्याचं काज-बटणाचं काम करी. शर्टांचा ढीग डाव्या हाताला, सुई उजव्या हातात, कान मालिकेत आणि डोळा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. डोळा म्हणायचं, कारण तिचा डावा डोळा लहानपणापासून नावालाच होता. त्याला रंग कळत, हालचाल कळे, चेहरा कळत नसे. सगळा संसार उजव्यावर चाललेला.

मालिकेतल्या माणसांची नावं मिस्त्रींनी कधी पाठ केली नाहीत. त्यांनी आपल्या सोयीची नावं ठेवली होती. रडणारी ती थोरली. कट करणारी ती काजळवाली. दर महिन्याला कंपनी बुडवणारा, पण कामावर जाताना कधी न दिसलेला घरधनी, त्याचं नाव मिशी. शिवाय एक सासू होती. ती मेली होती आणि परत आली होती, त्यामुळे ती नुसतीच परत आलेली.

"हे सगळे उभे का असतात गं? एवढा सोफा पडलाय मागे. मी सांगतो, त्याला आत स्प्रिंगच नसणार. बसले की कळेल म्हणून बसत नाहीत."

मालिका नसली तर दुसरं. बातम्या लावल्या की एका चौकटीत ओळीनं डोकी, आणि सगळी एकाच वेळी बोलणारी. खिडकीला गज असतात तसं हे, मिस्त्री म्हणत, फक्त गज बिचारे गप्प असतात. गाण्याच्या स्पर्धेवर तर त्यांचा विशेष राग. गाणारा पोरगा गाणार थोडं, त्याच्या घरच्या हालअपेष्टा दाखवणार जास्त, आणि परीक्षक डोळे पुसत त्याला पुढच्या फेरीत ढकलणार. "आमच्या धंद्यात असं चाललं असतं तर किती बरं झालं असतं! खुर्ची डुगडुगते? डुगडुगू दे. मिस्त्रींनी लहानपणी काय काय सोसलं ते ऐका, डोळे पुसा, आणि बसा त्याच खुर्चीवर."

बायको हसे. हसताना तिची सुई थांबत नसे. मिस्त्रींच्या बडबडीखाली जर काही असेल, तर ते हे हसू ऐकण्याचं निमित्त होतं, पण हे त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

अशात एके दिवशी बायको म्हणाली, "हल्ली मालिकेत विजा फार चमकवतात."

"हल्ली?" मिस्त्री म्हणाले. "दार उघडलं की वीज, डोळे वटारले की वीज. यांचं बिल कोण भरतं देव जाणे."

पुढे ती म्हणाली, पडद्यावर माश्या बसतात. मिस्त्रींनी फडक्यानं काच पुसली. माश्या गेल्या नाहीत, ती म्हणाली. मिस्त्रींना एकही दिसली नाही, पण बायकोच्या आणि मालिकेच्या मध्ये पडू नये एवढं शहाणपण त्यांना आलेलं होतं. मग एका संध्याकाळी तिनं सांगितलं की टीव्हीचा खालचा कोपरा काळा पडलाय. मिस्त्रींनी बघितलं. त्यांना कोपरा चांगला दिसला, पण त्यांच्या मनाला कुठेतरी गुदगुल्या झाल्या. मरतोय वाटतं एकदाचा! त्यांनी टीव्हीच्या डोक्यावर एक थाप दिली. "आता?" "आता अजून वर आलाय काळा."

दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीवाला आला. मिस्त्रींचा जुना दोस्त, कोपऱ्यावरच दुकान. त्यानं मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं, लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं.

"वहिनी, कुठे काळं?"

"हे काय, खाली. नाकाच्या बाजूला. पडदा वर सरकल्यासारखं."

तो थोडा वेळ टीव्हीकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला. मग त्यानं पुढे होऊन टीव्ही बंद केला.

"आता त्या भिंतीकडे बघा. आहे का काळं?"

ती भिंतीकडे बघत राहिली. हातातला शर्ट मांडीवरून खाली घसरला.

"भिंतीलाही आहे," ती म्हणाली.

खाली दुकानात कुणीतरी मिस्त्रींना हाक मारत होतं. ती हाक बराच वेळ तशीच जिन्यात उभी राहिली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भरभर बोलणाऱ्या. उजव्या डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटलाय, त्या म्हणाल्या. विजा, माश्या, ही त्याचीच लक्षणं. आधी का नाही आलात? यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मालिकेत विजा चमकतातच, हे उत्तर दवाखान्यात देण्यासारखं नव्हतं.

ऑपरेशन झालं. मग डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींना समोर बसवून खरं काम सांगितलं. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय. बुडबुडा नेहमी वर जातो. पडदा डोळ्याच्या मागे आहे. म्हणून तोंड जमिनीकडे ठेवायचं, म्हणजे बुडबुडा मागच्या बाजूला जाऊन पडद्याला दाबून धरील आणि तो चिकटेल.

"म्हणजे लेव्हलसारखं," मिस्त्री म्हणाले. "आमच्याकडे पट्टी असते, काचेच्या नळीत बुडबुडा. फळी जरा तिरकी झाली की सरकला."

"अगदी तसंच! मग तुम्हीच सांभाळा यांची लेव्हल. बसताना, झोपताना, जेवताना, तोंड खाली. मी पुन्हा तपासेपर्यंत. मान वर केली तर बुडबुडा सरकेल आणि पडदा पुन्हा सुटेल. आणि एकदा पुन्हा सुटला, तर..." डॉक्टरीणबाई पुढचं वाक्य भरभर बोलल्या नाहीत, बोलल्याच नाहीत.

मिस्त्री घरी आले आणि दुकानाची फळी अर्धी ओढून कामाला लागले. जुन्या ऑर्डरी भिंतीला टेकवून ठेवल्या. बायकोच्या अंगाच्या मापाचा बाक केला, तोंडाच्या जागी भोक कापलं, भोकाची कड कानशीनं आणि मग पॉलिशपेपरनं इतकी गोल केली की हात फिरवला तर लाकूड कुठे संपतं ते कळू नये. वर फोम, त्यावर मऊ कापड. बसायचा कंटाळा आला तर झोपायला बाक, झोपायचा आला तर बसायला कपाळ टेकायची खुर्ची. आयुष्यात त्यांनी एवढं नीट काम कुणाचं केलं नव्हतं, आणि कुठल्याही कामाची एवढी भीती त्यांना वाटली नव्हती.

बायको पालथी झाली, आणि जग तिच्यासाठी पावलांचं झालं. भोकातून डाव्या डोळ्याला फरशी दिसे, धूसर, आणि तिच्यावरून येणारे जाणारे रंग. शेजारीणबाईंच्या हिरव्या सपाता. मिस्त्रींचे भुशानं पांढरे झालेले अंगठे. लेक परगावाहून धावत आली होती, तिचे लाल मोजे. "माणसं खालूनच बरी ओळखू येतात," बायको म्हणाली. "वर नुसते चेहरे असतात."

लेकीनं एक शक्कल काढली. बाकाखाली फोन आडवा ठेवला आणि त्यावर मालिका लावली. "दिसतंय का आई?"

"रंग दिसतात गं. पण सगळ्या बायका सारख्याच दिसतायत."

"मला दोन डोळ्यांनीही सारख्याच दिसतात," मिस्त्री म्हणाले.

लेकीची रजा संपली. जाताना ती जिन्यात थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आईला फार वेळ एका जागी राहवत नाही. तुम्ही दुकानात जाल, ती उठेल. आणि मालिकेच्या वेळी तर... तुम्हाला माहितीये ती. संगीत वाजलं की मान वर जाते तिची. तेवढी ती वेळ सांभाळा."

ती वेळ त्याच संध्याकाळी आली. मिस्त्रींनी टीव्ही लावला, कारण न लावावा तर तिचा दिवसभराचा एवढाच आधार. ती बाकावर पालथी, ते शेजारी स्टुलावर. पडद्यावर ढोल बडवल्याचा आवाज झाला.

"काय झालं?" भोकातून आवाज आला.

"काही नाही. उभे आहेत."

"कोण?"

"सगळे."

"उभे राहून काय करतायत?"

"बघतायत."

"कुणाकडे?"

"एकमेकांकडे. आणखी कुणाकडे बघणार?"

पुन्हा ढोल. आता एक बाई किंचाळली. बायकोची मान फोमवरून बोटभर उचलली गेली. मिस्त्रींचा हात त्यांच्या नकळत पुढे झाला आणि तिचं डोकं त्यांनी खाली दाबलं.

"दाबू नका!" ती ओरडली. "मी काय फळी आहे तुमची?"

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सरस लावलेला सांधा शिकंज्यात आवळून ठेवायचा, वाळेपर्यंत हलू द्यायचा नाही, हे त्यांना धंद्यानं शिकवलं होतं. या घरात असाच एक सांधा वाळत होता. पण त्याला लावायला शिकंजा नव्हता. तिच्या कानापर्यंत पोचणारी एकच वस्तू त्यांच्याजवळ होती, त्यांची जीभ, आणि ती त्यांनी आजवर नुसती नावं ठेवायला वापरली होती.

"बरं, ऐक," ते म्हणाले. "ओरडली ती थोरली. तिच्या हातातून तबक पडलं. तबकात काय होतं विचारू नकोस, रिकामंच होतं. परत आलेली जिन्यावर उभी आहे. मिशी खाली. मिशीनं तोंड उघडलंय. अजून बोलला नाही. त्याच्या तोंडावरून पुन्हा थोरलीवर. आता काजळवाली दाराआड. कडी नाहीच. भुवई उचलतेय बघ. डावी. अजून उचलतेय. आता कपाळ संपलं, जाणार कुठे? गेली, जाहिराती लागल्या."

बाकाखालून हसू ऐकू आलं. दबलेलं, नाकातून आलेलं, पण तेच. आणि मान फोमवर होती.

तेव्हापासून मिस्त्रींना मालिका बघावी लागली. त्याआधी ती त्यांनी बघितलीच नव्हती, नुसता तिच्यावर राग धरला होता. आता चेहऱ्याचा सूतभर बदल टिपावा लागे, कारण सांगायला जरा उशीर झाला की फोम कुरकुरे. त्यांच्या लक्षात आलं की थोरली रडते तेव्हा तिचा उजवाच डोळा रडतो. परत आलेलीच्या हाताला कंप आहे, तो नाटकातला नाही, त्या म्हातारीचा स्वतःचा आहे. बाईच्या हाताला खरोखरचा कंप असताना तिला उभं करून ठेवतात, याचा त्यांना राग आला. पण हा राग पूर्वीसारखा नव्हता. यात काळजी होती, आणि परक्या माणसांची काळजी करायची सवय त्यांना नव्हती.

हिरव्या सपाता रोज यायला लागल्या. शेजारीणबाईंच्या घरी स्वतःचा टीव्ही होता, भिंतभर मोठा.

"आमच्याकडे नुसतं दिसतं हो," त्या म्हणाल्या. "कळतं ते इथेच."

"चहा ठेवा मग," बाकाखालून आवाज आला. "फुकट कशाला कळायला पाहिजे?"

दुरुस्तीवालाही येऊन बसे. मिस्त्री रंगात आले की तो हळूच म्हणे, "वहिनी, यांना दुसऱ्या चॅनेलवर लावायचं बटण कुठाय?"

पण दिवस काही संध्याकाळपुरते नसतात. बाकीचा सगळा वेळ तिथे होता, पालथा. मानेत गाठी आल्या. जेवताना घास वर न्यायचा की तोंड खाली न्यायचं, याचं कोडं रोज नव्यानं पडे. कारखान्याचा माणूस येऊन शर्टांचा ढीग उचलून घेऊन गेला. वाईट बोलला नाही, उलट चांगलं बोलला, पण ढिगाची रिकामी जागा फरशीवर चौकोनासारखी उरली आणि ती तिला भोकातून दिसत राहिली.

एका दुपारी मिस्त्री पाणी घेऊन वर आले, तर बाकाखालच्या फरशीवर ओला डाग होता. त्यांना वाटलं भांडं सांडलं. मग तिथे आणखी एक थेंब पडला. पालथ्या माणसाची आसवं गालावरून ओघळत नाहीत, सरळ खाली पडतात. त्यांना वाटेत चेहराच लागत नाही.

"मी उठते आता," ती म्हणाली. आवाज शांत होता, तेच वाईट होतं. "पुरे झालं. चिकटायचा असेल तर चिकटला असेल. नसेल तर मी इथे वर्षभर पडून तरी काय? उजव्या डोळ्यापुढे नुसतं राखाडी आहे. एक धागा दिसत नाही. तुम्ही सगळे मला समजावताय, आणि मला कळतंय."

"संध्याकाळपर्यंत थांब," मिस्त्री म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. "मालिका होऊ दे. मग बघू."

ती थांबली. संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला. मालिकेच्या जागी चॅनेलचा पुरस्कारांचा महासोहळा होता. कागदी चांदण्यांचा पाऊस, धूर, आणि त्या धुरातून थोरली आणि काजळवाली एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचत पुढे येत होत्या.

"काय चाललंय?" बायकोनं विचारलं. "गाणं कसलं?"

मिस्त्रींना खोटं सुचेना. "बक्षीस समारंभ आहे. नाचतायत."

"कोण नाचतायत?"

"थोरली आणि काजळवाली."

"दोघी? मिळून? अहो, काल तिनं हिच्या दुधात विष कालवलं ना!"

"बहुतेक पचलं."

एरवी ती हसली असती. ती हसली नाही. फोम कुरकुरला. "बंद करा," ती म्हणाली, आणि दोन्ही तळहात बाकाच्या कडेला टेकवले. उठायला माणूस जसे टेकवतो तसे.

मिस्त्रींनी टीव्ही बंद केला. खोली एकदम मोठी झाली. तिच्या तळहातांकडे बघत ते म्हणाले, "आणि इकडे बंगल्याच्या दारावर टकटक झाली."

तळहात थांबले.

"टीव्ही बंद आहे."

"असू दे. मी बघतोय ना."

"काय बघताय तुम्ही? काळी काच?"

"तू मान खाली ठेव, म्हणजे सांगतो. टकटक झाली. सगळे दचकले. त्या घरात आजवर कुणी टकटक केलेलीच नाही, जो तो सरळ घुसतो. मिशीनं दार उघडलं. दारात एक माणूस. खांद्याला पेटी. पेटीत पटाशी, हातोडी, गिरमिट, स्क्रूची पुडी."

मग भोकातून, ओल्या आवाजात: "मालिकेत कधी सुतार येतो का?"

"नाही येत, म्हणून तर घराची ही कळा. म्हणाला, कड्या बसवायला आलोय. मिशी म्हणाला, कुणी बोलावलं? कुणी कबूल होईना. तेवढ्यात परत आलेली जिन्यावरून म्हणाली, मी. त्यासाठीच परत आलेय."

"बाई गं," ती म्हणाली. तळहात अजून कडेवर होते, पण बोटं सैल झाली होती. "आणि संगीत नाही वाजलं?"

मिस्त्रींनी तोंडानं ढोल वाजवला. त्यांना ते चांगलं जमलं नाही. शेजारच्या दारातून हिरव्या सपाता आल्या आणि दाराशीच थबकल्या.

"सुतारानं काम धरलं. पहिल्या दाराला कडी, दुसऱ्याला कडी. काजळवाली मागे मागे. हे कशाला, ते कशाला! शेवटी थोरलीच्या खोलीला बसली. थोरली आत गेली आणि तिनं कडी लावली. खट्ट. त्या घरातलं पहिलं खट्ट. आतलं काही ऐकू येईना. काजळवाली कान लावते, सागवानाचं दार, आतून ठोस, काय ऐकू येणार? ती भुवई उचलते, पण बघायला कोणी नाही. इतकी वर्षं ती दुसऱ्यांचं ऐकूनच जगली. आता तिला कळेना, स्वतःचं काय करायचं. मग तिनं हात वर केला, आणि..."

"आणि?"

"टकटक केली. थोरलीनं दार उघडलं."

"मग काय म्हणाली?"

मिस्त्री थांबले. दारापर्यंतचं त्यांना येत होतं. दाराच्या आतलं त्यांना येत नव्हतं. बायका दार लावून काय बोलतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

"सांगा ना!"

"ते मला दिसत नाही गं. कडी लावलीये."

मग ती हळूहळू म्हणाली, "थोरली म्हणेल, आत ये. बस."

"बसतील? त्या घरात कुणी बसत नाही."

"बसतील हो. पाय दुखत असतील बिचाऱ्यांचे, इतकी वर्षं उभ्या आहेत." तिनं तळहात कडेवरून काढून पोटाखाली घेतले. "काजळवाली आधी बोलणार नाही. ती पलंगाच्या कडेला बसेल, नखं बघत. म्हणेल, दूध पिऊ नकोस. थोरली म्हणेल, मला माहीत होतं, मी ओतून दिलं. मग काजळवाली म्हणेल, मग बोलली का नाहीस? आणि थोरली म्हणेल... थांबा, घाई करू नका मला."

कुणी घाई केली नाही. शेजारीणबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. उजेड खिडकीतून उतरत गेला, आणि बंगल्यातल्या त्या दोघींचं बोलणं त्या पालथ्या बाईच्या तोंडून फरशीकडे जात राहिलं. काजळवाली माहेरी कशी होती, तिला काजळाची सवय कशी लागली, डोळे सुजलेले दिसू नयेत म्हणून. मिस्त्री मधेच कडीचा स्क्रू सैल झाल्याचं सांगून सुताराला आत पाठवू बघत होते. "तुमचं काम झालंय," ती म्हणाली. "खाली जाऊन चहा प्या म्हणावं."

त्या संध्याकाळी ती उठली नाही. पुढच्याही नाही. चॅनेलवर सोहळ्याचा दुसरा भाग लागला, मग सोहळा कसा झाला त्याचा सोहळा लागला. बंगल्यात मात्र रोज एकेक दार वाजलं आणि उघडलं. मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा ती दोन्ही ऐकू लागली, आधी टीव्हीची, मग घरची, आणि टीव्हीच्या लोकांना अजून काहीच कळलेलं नाही म्हणून त्यांची कीव करू लागली.

तपासणीच्या दिवशी रिक्षातून ती मान खाली घालूनच गेली. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून डोळ्यात बराच वेळ बघितलं. मिस्त्री भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते. सगळ्यात मोठं अक्षरही त्यांना त्या वेळी वाचता आलं नसतं.

"चिकटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छान बसलाय. तोंड खाली ठेवणं सगळ्यांना जमत नाही. कसं केलंत?"

दोघांनी पुन्हा एकमेकांकडे बघितलं, आणि या वेळीही सांगितलं नाही.

आता मान सरळ ठेवायला हरकत नव्हती, फक्त उताणं झोपायचं नव्हतं. बुडबुडा हळूहळू विरेल, बाई म्हणाल्या. वरून दिसायला लागेल, खाली तो पाण्यासारखा हलत राहील, आणि ती रेघ रोज खाली उतरेल. सुईचं काम इतक्यात नाही. नजर पूर्वीसारखी होईल का, हे त्या आज सांगणार नव्हत्या, पण दिसेल. एवढं त्या सांगत होत्या. दिसेल.

काही दिवसांनी संध्याकाळी ती खुर्चीत ताठ बसली होती, टीव्हीसमोर. मालिका सुरू झाली. मिस्त्री स्टुलावर बसले आणि जिभेनं आपोआप काम धरलं.

"थोरली जिन्यावर आली. निळ्या कपड्यात. काजळवाली खाली, दाराआड. मिशीनं..."

"अहो, गप्प बसा ना जरा! दिसतंय मला!"

मिस्त्री गप्प झाले. पडद्यावर ढोल वाजला, तरी कुणी तिकडे बघितलं नाही. तिचा हात तिच्याच गालाशी गेला, डोळ्याच्या खाली, आणि तिथेच राहिला.

"काय दिसतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. "सगळ्यांच्या कमरेपर्यंत पाणी आहे. हलतंय. मिशी पाण्यात उभा आहे, थोरली पाण्यात उभी आहे."

"आणि वर?"

"वर चेहरे आहेत." ती थोडी पुढे झुकली. "स्वच्छ आहेत. अहो, ती परत आलेली, किती म्हातारी झालीये! हिला खुर्ची का देत नाहीत हे लोक?"

"तेच तर मी म्हणतोय," मिस्त्री म्हणाले.

मग रोज संध्याकाळी, पुरात सापडलेल्या घराची चौकशी करावी तसे ते विचारू लागले, पाणी कुठवर आलंय. मांडीपर्यंत, ती सांगे. उत्तर ऐकून ते खाली दुकानात जात, थोडा वेळ कुणाच्या तरी राहिलेल्या चौकटीवर रंधा मारत, आणि राहवेना की पुन्हा वर येत.

"आज?"

"गुडघ्याखाली उतरलंय," ती म्हणाली. "आणि बाजूला व्हा बघू, तुमचं डोकं मध्ये येतंय."